काहीही न विसरता

तिच्या खुर्चीत एक माणूस बसला होता, आणि तो माणूस तिचं जांभळं पाकीट बंद करत होता.

दुपारचे सव्वादोन. सकाळची पाळी संपवून ती घराच्या अर्ध्या वाटेवर पोचली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की डोळ्याला लावायचं भिंग टेबलावरच राहिलंय. तिथे कोणाच्या हातून ते फुटलं, तर तिला उद्या एकही दात कोरता आला नसता, म्हणून ती धापा टाकत परत आली. दार ढकललं, तर हा.

"तुम्हीच का ते?" तिने उंबऱ्यातूनच विचारलं.

त्याने मान वळवली. ओठांत एक बारीक तार धरलेली, हातात माउस. तार काढून तो शांतपणे म्हणाला, "कोण ते?"

"रोज दुपारी येऊन माझं सेटिंग बिघडवणारे!"

"अच्छा... म्हणजे रोज सकाळी येऊन माझं बिघडवणाऱ्या तुम्ही!"

आता हे भांडण काय होतं ते आधी सांगायला हवं. ती नकली दात बनवणारी प्रयोगशाळा होती. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचे साचे डब्यातून पाठवायचे, दात कसा हवा, कोणत्या रंगाचा, कधीपर्यंत, हे ईमेलने कळवायचे. सकाळी ती पोर्सेलिनचे थर कोरायची. दुपारी दोनला ती गेली की हा यायचा आणि तारांची, धातूची कामं करायचा. दोघांच्या मध्ये कॉम्प्युटर एकच. त्यावर डॉक्टरांच्या पत्त्यांची यादी होती, पत्त्यावर क्लिक केलं की नवं पत्र उघडायचं. ते कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडणार, हाच सगळा वाद. तिला जांभळ्या पाकिटाचा जुना प्रोग्रॅम लागायचा, त्याला हिरव्या कबुतराचा नवा. म्हणून रोज सकाळी ती सेटिंगमध्ये जाऊन 'नेहमीसाठी' समोर पाकीट निवडायची, आणि रोज दुपारी तो तिथे कबुतर आणून बसवायचा. तीन महिने हे असंच चाललं होतं. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण छत्तीसचा आकडा मात्र पक्का होता. पडद्याच्या कडेला चिठ्ठ्या चिकटायच्या.

'कृपया बदलू नये.'

'कृपया हट्ट करू नये.'

'हट्ट नाही, सवय आहे.'

'सवयी बदलता येतात. मी रोज एक बदलतो.'

त्या शेवटच्या चिठ्ठीला ती आठ दिवस मनातल्या मनात उत्तरं देत होती. आता चिठ्ठी लिहिणारा समोर बसला होता, तर एकही उत्तर आठवेना.

"बसा," त्याने दुसरं स्टूल ओढलं. "भांडण नंतर करू. आधी हे बघा. तुमचं पाकीट अधाशी आहे."

"काय आहे?"

"अधाशी. आलेली मेल ते इथे ओढून घेतं आणि तिकडची पुसून टाकतं. मग माझं कबुतर रिकाम्या पोटी परत येतं. परवा दोन मेल मला दिसल्याच नाहीत. नशीब, तुम्ही सकाळी बघितल्या." त्याचा स्वर थट्टेचा होता, डोळे मात्र थट्टेचे नव्हते. "एवढंच करा, जाताना ते पूर्ण बंद करून जा. नुसतं खाली दडवून ठेवू नका."

"बरं."

"नक्की?"

"बरं म्हटलं ना!"

तिने भिंग उचललं. दारापर्यंत गेली, तर मागून आवाज आला, "जरा हसता का?"

"का म्हणून?"

"शेड बघायचीय." त्याच्या हातात दातांच्या रंगांची पट्टी होती. "आपल्याकडे नैसर्गिक नमुना फार कमी बघायला मिळतो."

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण ओठ कुठे ऐकतात!

"ए-दोन," तो पट्टीवर बोट ठेवत म्हणाला. घरी जाईपर्यंत तिचे कान तापलेले होते.

त्यानंतर ती विसरभोळी झाली. कधी ओढणी राहायची, कधी डबा, कधी छत्री. आकाशात ढगाचा ठिपका नसताना ती छत्री घेऊन निघायची, ती विसरण्यासाठीच. दोनला निघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, मागे फिरायचं, मग दहा मिनिटं... वीस मिनिटं... तो तार वाकवायचा, ती स्टुलावर बसून 'आता निघते' म्हणायची आणि निघायची नाही. त्याच्या बोटांवर धातू घासल्याची काळी रेघ असायची. तिच्या केसांत प्लास्टरची पांढरी धूळ. "तुम्ही पन्नाशीत अशा दिसाल," तो म्हणायचा. "तुम्ही बघायला असाल का पन्नाशीत?" असं एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, आणि ती घाईघाईने छत्री शोधायला लागली.

"डोकं कुठे ठेवून येतेस गं हल्ली?" आईने विचारलं. "डबा तिथे, छत्री तिथे. एक दिवस स्वतःलाच विसरून येशील." आई बोलली ती सहज, पण ते तिला फार लागलं.

सेटिंगची लढाई मात्र थांबली नाही. सकाळी पाकीट, दुपारी कबुतर. फक्त आता सेटिंग बदलताना तिला हसू यायचं.

आणखी एक गोष्ट दोघांच्या मध्ये होती, तिच्यावर कोणी बोलायचं नाही. ती म्हणजे भट्टी. पोर्सेलिन भाजायची भट्टी मोठ्या बाईंच्या हातात होती. प्रयोगशाळा बाईंचीच. चाळीस वर्षं त्यांनी त्या भट्टीला कोणाला हात लावू दिला नव्हता. पण आता त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता, आणि 'एकाला शिकवणार' असं त्या म्हणाल्या होत्या. दोघांना नव्हे, एकाला. ती सहा वर्षं त्या भट्टीकडे डोळे लावून बसली होती. तोही, आल्या दिवसापासून.

मग तो सोमवार आला. त्या दिवशी ती रुमाल विसरली होती. परत आली, रुमाल घेतला, सवयीने सकाळचं एक पत्र तपासायला जांभळं पाकीट उघडलं. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"एक विचारू?"

"विचारा."

"उद्या... काहीही न विसरता याल का?"

तिने मान वर केली.

"म्हणजे ओढणी नाही, छत्री नाही. नुसतं... माझ्याकडे. इथून चहाला जाऊ. याल?"

तिने पाकीट खाली ढकललं, पर्स उचलली, "उशीर होतोय," म्हणाली आणि अक्षरशः पळाली. रुमाल खरोखरच टेबलावर राहिला.

मंगळवारी ती परत आली नाही. बुधवारीही नाही. पाय वळत होते, धीर होत नव्हता. त्यानेही चिठ्ठी लावली नाही.

गुरुवारी दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. मोठ्या बाईंनी तो घेतला आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. फोन एका डॉक्टरीणबाईंचा होता. रेडिओवर तीस वर्षं निवेदन करणारे एक गृहस्थ त्यांच्याकडे आले होते, पडून पुढचे चार दात गेलेले. रविवारी सकाळी नऊला त्यांचा निरोपाचा कार्यक्रम होता, थेट प्रक्षेपण. दात नसले तर नुसती शिट्टी वाजणार. साचे सोमवारी डब्यातून आले होते, सूचना सोमवारीच मेलने पाठवल्या होत्या. दात तयार झाले का?

डबा फळीवर तसाच होता. सूचना नाहीत म्हणून कोणी त्याला हात लावला नव्हता.

बाईंनी फोन ठेवला तेव्हा तो नुकताच आत आला होता.

"सोमवारी पावणेतीनला त्या डब्यावर कोण होतं?" कॉम्प्युटरला बाई 'तो डबा' म्हणायच्या.

"मी."

"मेल आली होती. तातडीची."

"मला दिसली नाही, बाई."

"दिसली नाही की बघितली नाही?"

तो हळूच म्हणाला, "पाळी माझी होती. जबाबदारी माझी."

"आज तुझा शेवटचा दिवस," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच ते अधिक भयंकर वाटलं. मग तिच्याकडे वळून, "पहिल्या तारखेपासून भट्टी तू बघायचीस."

सहा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते असं आलं. त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. तिला बोलायचं होतं, काय ते ठाऊक नव्हतं. दातखीळ बसल्यासारखी ती उभी राहिली, आणि मग घरी गेली.

त्या रात्री ती जेवली नाही. काहीतरी टोचत होतं. एवढी काटेकोर नजर असलेल्या माणसाला मेल दिसली नाही?

शुक्रवारी सकाळी आठला ती कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्याच्या कडेला चिठ्ठी होती.

'आता सकाळी काही बदलावं लागणार नाही.'

तिने सेटिंग उघडलं. 'नेहमीसाठी' समोर जांभळं पाकीट. कालच्या दुपारी त्याने कबुतर काढून टाकलं होतं, स्वतःच्या हाताने. इतके महिने जो हटला नाही त्याने हत्यार खाली ठेवलं, आणि तिला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. डोळे भरून आले.

मग तिने पाकिटात डॉक्टरीणबाईंचं नाव टाकून शोधलं.

मेल होती. 'सवडीने' नावाच्या कप्प्यात. तो कप्पा तिनेच केला होता. डॉक्टरीणबाईंना रोज सकाळी सगळ्या जगाला फुलांची चित्रं आणि सुविचार पाठवायची हौस. कामाच्या मेल त्यांच्या मदतनीस मुलीच्या पत्त्यावरून यायच्या. म्हणून तिने पाकिटाला सांगून ठेवलं होतं की डॉक्टरीणबाईंच्या स्वतःच्या पत्त्यावरून काहीही आलं तर थेट 'सवडीने'मध्ये टाक. सोमवारी मदतनीस रजेवर असणार. डॉक्टरीणबाईंनी स्वतः लिहिलं. आणि पाकिटाने ते गिळलं, कारण त्या सोमवारी पाकीट बंद झालंच नव्हतं. तिने ते नुसतं खाली ढकललं होतं, आणि पळाली होती.

'बरं म्हटलं ना!' तिचाच आवाज तिच्या कानात वाजला.

मेल सोमवारची, दोन वाजून बेचाळीस मिनिटांची. तिने ती ओळ पुन्हा एकदा बघितली. कप्प्यात दोनशेच्या वर मेल होत्या, सगळ्या न वाचलेल्या, म्हणून सगळ्यांची अक्षरं जाड. फक्त एका ओळीची अक्षरं बारीक होती. ही मेल कोणीतरी उघडली होती. तिने नाही. मोठ्या बाई तर त्या डब्याला शिवतही नसत.

म्हणजे त्याने. कालच. तो शोधत आला, त्याला सापडली, दोष कोणाचा ते कळलं... आणि त्याने पाकीट तिच्यासाठी 'नेहमीसाठी' करून ठेवलं.

"अगं, ये इकडे," आतून बाईंची हाक आली. "भट्टी तापतेय. कशी चालते ते बघून घे."

मेल पुसायला एक कळ पुरली असती. तिचं बोट त्या कळीच्या वरच होतं, हे नंतर तिने त्याला कबूल केलं. भट्टी हाताच्या अंतरावर होती. कोणालाही कळलं नसतं, तो तर मरेपर्यंत बोलला नसता.

ती उठून आत गेली.

"बाई, मेल सापडली. चूक माझी आहे."

तिने सगळं सांगितलं. कप्पा, पाकीट, ते बंद करायचा त्याला दिलेला शब्द, सोमवार. पळाली का होती तेवढं गाळलं. बाई भट्टीच्या लाल काट्याकडे बघत ऐकत होत्या.

"डबा मला कळत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "माणसं कळतात असं वाटायचं." मग फोनकडे बोट दाखवत, "डॉक्टरीणबाईंना फोन लाव. तूच बोल."

ती बोलली. डॉक्टरीणबाईंनी दुसरीकडे विचारलं होतं, तिथे आठवडा लागणार होता. गृहस्थ कार्यक्रम रद्द करायला निघाले होते.

"उद्या संध्याकाळी सहापर्यंत देतो," ती म्हणाली.

"देतो म्हणजे कोण?" फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं. "दातांखालचा धातूचा सांगाडा तारवाला करणार. त्याला मी काढलंय."

त्याचा फोन नंबर तिच्याकडे नव्हता. इतके दिवस मागायची हिंमत झाली नव्हती. ती कॉम्प्युटरकडे धावली, यादीतल्या त्याच्या पत्त्यावर क्लिक केलं आणि जांभळं पाकीट उघडलं. तिने लिहिलं:

'लगेच या. मेल सापडली. ती आधीच कोणीतरी वाचली होती.'

मग ती पडद्यासमोर बसून राहिली. एक मिनिट. तीन मिनिटं. तो चिडला असेल तर? तो निघून गेला असेल तर? सातव्या मिनिटाला उत्तर आलं. एकच शब्द: 'येतोय.'

तो आला तो केस न विंचरता.

"का बोलला नाहीत?" तिने दारातच गाठलं.

"काय बोलायचं होतं?"

"की पाकीट माझं होतं! की मी ते बंद केलं नव्हतं!"

"तुम्ही ते का बंद केलं नाहीत, ते मला माहीत होतं." तो खाली बघत होता. "तो प्रश्न मी विचारला होता. नको तेव्हा. मग माझी चूक नाही का?"

"आणि तुमची भट्टी? तुमचं काम?"

"काम कुठेही मिळेल. तुमचा चेहरा भट्टीकडे बघताना कसा होतो ते..." तो थांबला. "जाऊ द्या. साचे कुठेत?"

रडायला वेळ नव्हता. शुक्रवारची दुपार धातूच्या सांगाड्यात गेली. पहिल्यांदाच दोघं एका टेबलाशी होती. तो कापत होता, घासत होता, ती साच्यावर बसवून बघत होती, "डावीकडे केसभर उचललंय," म्हणत होती. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

शनिवारी सकाळी तिने पोर्सेलिनचे थर चढवले. बाईंचा हात थरथरत होता, म्हणून भट्टीत ठेवणंही तिच्याकडेच आलं. अकराला चार दात बाहेर निघाले आणि तिसऱ्यावर केसाएवढी चीर दिसली.

"आता?" तिने विचारलं.

"आता परत," बाई म्हणाल्या. "घाईघाईने तापवलीस. सावकाश."

परत थर. परत भट्टी. पावणेपाचला भट्टीचं दार उघडलं. तिने भिंग लावलं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

"चीर नाही," ती म्हणाली, आणि तो मटकन स्टुलावर बसला.

दातांचा डबा सहाला गेला. तेव्हा बाईंनी हात पुसले आणि दोघांना समोर उभं केलं.

"तू राहतोस," त्या त्याला म्हणाल्या. "भट्टीही तुझी."

"बाई, भट्टी तर ती—"

"तुला विचारलं नाही मी." मग तिच्याकडे बघून, "दात चांगले केलेस. पण शब्द देऊन पाळला नाहीस. परवा मी त्याला बोलले तेव्हाही गप्प राहिलीस. भट्टीचं नाव सहा महिने काढायचं नाही. सोमवारपासून दुपारच्या पाळीत यायचं आणि प्लास्टर ढवळायचं. माझ्या डोळ्यांसमोर." त्या पदराने चष्मा पुसायला लागल्या. "आणि त्या डब्यावर एकच प्रोग्रॅम राहील. कोणता ते तुमचं तुम्ही ठरवा."

भट्टी गेली याचं दुःख झालं, खूप झालं. घरी जाताना ती रस्त्यात चक्क रडली. पण दुपारची पाळी... हे वाक्य आठवलं की रडता रडता मध्येच थांबायची.

रविवारी सकाळी बाईंनी दोघांना रेडिओ ऐकायला बोलावलं. प्रयोगशाळा बंद होती, गॅसच्या शेगड्या गार. नऊच्या ठोक्याला तो ओळखीचा भारदस्त आवाज आला, "श्रोतेहो, सुप्रभात. शेवटच्या वेळी सांगतो आहे..." शिट्टी नाही, फुसकारा नाही. सगळे 'स' स्वच्छ. बाईंनी डोळे मिटले. आपण केलेल्या दातांमधून शब्द बाहेर पडताना ऐकायला तिला पहिल्यांदाच मिळत होतं.

कार्यक्रम संपला तशा बाई, "मला बाजारात जायचंय, कुलूप तुम्ही लावा," असं म्हणून निघाल्या. रविवारी सकाळी बाई कधी बाजारात गेल्याचं कोणाला माहीत नव्हतं.

दोघं कॉम्प्युटरसमोर बसली.

"पाकीट ठेवा," तो म्हणाला. "सहा वर्षांची सवय आहे तुमची."

"काही नको. कबुतर. ते काही गिळत तरी नाही."

"हट्ट करू नका."

"हट्ट नाही. सवयी बदलता येतात, कोणीतरी लिहून ठेवलंय." तिने सेटिंग उघडलं आणि 'नेहमीसाठी' समोर हिरवं कबुतर निवडलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते तिच्या हाताने बसलं.

तो घसा साफ करून म्हणाला, "सोमवारी मी एक विचारलं होतं..."

"थांबा."

तिने जांभळं पाकीट वर आणलं. खाली ढकललं नाही, पूर्ण बंद केलं. खरंच बंद झालंय ना ते पुन्हा एकदा तपासलं. मग टेबलावरचा सोमवारचा रुमाल उचलून पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली, पर्स खांद्याला अडकवली आणि त्याच्याकडे वळली.

"आता काही विसरलेलं नाही," ती म्हणाली. "विचार."